सातव्या होलजवळचं बाकडं

मेच्या तिसऱ्या गुरुवारी गोल्फ.
मार्चपासून माझ्या टेबलावर
अठ्ठेचाळीस माणसं चिठ्ठ्या होऊन पसरलेली.
चौघांचा एक गट, असे बारा.
कुणाशेजारी कुणाला टाकायचं नाही, हे मला तोंडपाठ:
डंडीच्या दोन ठेकेदारांचा दावा कोर्टात आहे,
रॉडरिक गीकी हरला की जेवत नाही,
आणि परमिंदर गाहीर सगळ्यांनाच हरवते
म्हणून ती आमच्या विक्रीवाल्यांबरोबर.
त्यांना हरायचाच पगार मिळतो.

मी इशबेल रेनी. फाईफच्या किनाऱ्यावर
पंपांच्या कारखान्यात
बिलं, रजा, बाळंतपणाचे गुच्छ, सांत्वनाची पत्रं
आणि वर्षातून एकदा हे कार्य.
गोल्फची काठी एकदाच हातात धरली,
कुणाची तरी पावसात विसरलेली,
परत द्यायला.

टोप्या आल्या. कंपनीच्या नावात एक अक्षर कमी.
चौदाव्या होलपाशी नवीकोरी गाडी उभी करायची,
एका फटक्यात चेंडू आत, की गाडी त्याची.
चुकून गेलाच, तर आपण बुडू नये म्हणून विमा.
विमावाल्यांना दोन साक्षीदार हवेत,
शुद्धीवर असलेले.
दुपारी साडेतीननंतर असे दोन
कुठून आणू?

क्लबच्या सेक्रेटरीला विचारलं, समुद्रावरून धुकं आलं तर?
म्हणाला, चेंडू सापडत नाहीत.
बिल सापडतं.

मग जेवणासाठी फोन.
मासे चालतील ना, मिस्टर टलक?
पलीकडे बराच वेळ काही नाही.
त्यांच्या दारूभट्टीतला भोंगा ऐकू आला.
"मासे चालतील गं. गोल्फ चालत नाही.
आठ वर्षं झाली. कंबर धरते, चेंडू दिसत नाही.
पण तुमच्या हॉल्डेनना केवढी हौस!
मन मोडवत नाही.
बोलू नकोस हं कुठं."

मी "नाही" म्हटलं. फोन ठेवला.
ठेवलेल्या फोनकडे बघत बसले.

कारण सोमवारी, चेकवर सही करता करता
हॉल्डेनसाहेब:
"आणखी एक वर्ष काढू, इशबेल.
टलकना नाद आहे ना.
मला विचारशील तर याहून दाढ काढलेली बरी.
तुझ्या-माझ्यात ठेव."

भीड भिकेची बहीण म्हणतात.
इथं तर ती चांगली खर्चिक निघाली.
तिनं दोन म्हाताऱ्यांना खिळ्यांचे बूट घ्यायला लावले,
हातमोजे, चौकटीच्या विजारी,
एकाला चोरून शिकवणीसुद्धा.

सांगून टाकावं?
दोन फोन, चार वाक्यं, सगळे मोकळे.
पण मग ही माणसं भेटतील कशाच्या निमित्तानं?
दरपत्रकाच्या. वकिलाच्या.
नाहीतर थेट कुणाच्या तरी अंत्ययात्रेत,
काळ्या कोटात, शेजारी शेजारी,
हवामानाबद्दल बोलत.

गेल्या वर्षीचा फोटो काढून पाहिला.
सातवा होल. बाकीचे सगळे झेंड्याकडे बघताहेत.
हे दोघे पाठ फिरवून,
खडकांवर सील पडलेत, ते मोजताहेत.
हॉल्डेनसाहेबांचं बोट वर.
टलक हसताहेत, तोंड पूर्ण उघडून.

शेवटचा गट, बारावा:
हॉल्डेन, टलक,
आणि अशी दोन नावं, जी आदल्या संध्याकाळी आजारी पडतील.
गोडाऊनमधल्या फर्गसला विचारून ठेवलंय,
त्याला सर्दी छान जमते.
दुसऱ्याचं बघते.

सेक्रेटरी विचारतो, सातव्यापाशी बाकडं कशाला?
तिथं कुणी थांबत नाही.
मी म्हटलं, ठेवा.
एक घोंगडी, थर्मास, दोन पेले, एक दुर्बीण.

दुर्बीण कुठल्या खात्यात टाकायची?
"किरकोळ" लिहिलं.
मग खोडून
"खेळाचं साहित्य".